काईटबोर्डिंगची उडी कधी बसते, कधी फसते: तपासायला कुठून सुरुवात करायची

आधी लक्षणं

काईटबोर्डिंग म्हणजे पायाखाली बोर्ड घेऊन, वाऱ्यावरच्या मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीनं पाण्यावरून धावणं. ‘उडी बसत नाही’ अशी एकच तक्रार घेऊन लोक किनाऱ्यावर येतात, पण तिच्यामागे वेगवेगळे दोष असतात. रामेश्वरमला आणि श्रीलंकेतल्या कल्पिटियाला मुंबई-पुण्याकडच्या मंडळींबरोबर पाण्यात उतरताना मला पुन्हा पुन्हा हेच प्रकार दिसत आले आहेत:

- काईट वर जातो, माणूस मात्र पाण्यावरच राहतो. बोर्ड आडवा घसरत डाउनविंड (वारा जातो त्या दिशेला) जातो आणि उडी म्हणजे नुसती फरफट होते.
- उडी उठते, पण माथ्यावर पोचताच दगडासारखी खाली येते.
- हवेत पाय पुढे फेकले जातात, झोका बसतो आणि माणूस पाठीवर आपटतो.
- हवेत असताना लाईन (काईटच्या दोऱ्या) सैल पडतात आणि काईट आकाशातून खाली कोसळतो. रायडर याला ‘हिंडेनबर्ग’ म्हणतात.
- एक उडी झकास, पुढच्या चार फुसक्या, आणि फरक कशानं पडला ते कळत नाही.
- उजवीकडे जाताना बसते, डावीकडे जाताना नाही.
- उंची ठीक आहे, पण दर लँडिंगला गुडघे दणकतात.

पुढची तपासणी फुकट गोष्टींपासून सुरू होते आणि खर्चाच्या, मेहनतीच्या गोष्टींकडे जाते. हा क्रम मोडू नका. काईटमध्ये हवा कमी असताना तंत्र सुधारायला गेलात तर शरीर त्या ढिल्या काईटशी जुळवून घेणारं चुकीचं तंत्र शिकतं आणि ते मोडायला नंतर अख्खा हंगाम जातो.

जागा मी घड्याळाच्या काट्यांनी सांगतो. काईट बरोबर डोक्यावर म्हणजे 12, उजवीकडे पाण्यालगत म्हणजे 3, डावीकडे 9. ही पोस्ट त्यांच्यासाठी आहे ज्यांना अपविंड (वारा येतो त्या बाजूला) जाता येतं, दोन्ही बाजूंना वळता येतं आणि काईट न बघता 12 वर धरता येतो. यातलं काही जमत नसेल तर उडीचा विषय सध्या बाजूला ठेवा.

1. वारा आणि जागा

यासाठी पैसा लागत नाही, तरी हेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. काईटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा 20 नॉटवरून (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) 22 वर गेला तर वेग 10 टक्के वाढला, पण ओढ 21 टक्के वाढली. म्हणजे तुमची ‘एक झकास, चार फुसक्या’ ही तक्रार कित्येकदा निव्वळ झुळकांची असते. अंदाज सांगणाऱ्या ॲपमध्ये सरासरी वारा आणि झुळूक असे दोन आकडे असतात, ते दोन्ही बघा. सरासरी 15 आणि झुळूक 25 असेल तर त्या दिवशी सातत्य शोधू नका. नेहमीचं रायडिंग करा, ट्रान्झिशन (दिशा बदलणं) घोटा.

वारा कशावरून येतोय तेही बघा. झाडं, इमारती, वाळूचे उंच ढीग यांच्यावरून आलेला वारा त्यांच्या उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत फाटलेला असतो. रामेश्वरमकडे उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा असतो, त्यामुळे हंगामाप्रमाणे उतरायचा किनारा बदलतो. एका हंगामात जिथे वारा सरळ पाण्यावरून येतो, तिथेच दुसऱ्या हंगामात तो जमिनीवरून ठेचकाळत येतो.

गोव्यातल्या मोरजीमच्या दुपारच्या समुद्री वाऱ्याबद्दलही सांगायला हवं. तिथे बहुतेक वेळा 12 ते 14 नॉट मिळतात. शिकायला तो वारा उत्तम आहे, उंचीला अपुरा. केपटाऊनच्या ‘किंग ऑफ द एअर’ या उंच उड्यांच्या स्पर्धेचे व्हिडिओ बघून स्वतःला कमी लेखणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की तिथे ‘केप डॉक्टर’ नावाचा आग्नेयेचा वारा 30 नॉटच्या वर वाहत असतो. तुलना करायचीच तर स्वतःच्या वाऱ्यातल्या स्वतःच्याच उड्यांशी करा.

पाण्याची खोली हा सुरक्षेचा प्रश्न आहे. खाडीचं गुडघाभर सपाट पाणी एज (बोर्डची पाण्यात रुतवलेली कड) धरायला फार सोपं असतं, म्हणून सगळे तिथेच उड्या मारतात, आणि घोटे तिथेच मोडतात. छातीभर पाणी असल्याशिवाय उंचीचा सराव करू नका. डाउनविंडला दोन लाईनच्या लांबीइतकी, म्हणजे साधारण 50 मीटर जागा रिकामी हवी. त्यात माणूस, होडी, मासेमारीचे खांब, दगड यातलं काहीही नको.

2. काईटचा आकार त्या दिवसाला बरोबर आहे का?

पाण्यात एक चाचणी करा. अपविंड जाताना बार (काईट चालवायचा हातातला दांडा, पोटाशी घेतला की ओढ वाढते, बाहेर सोडला की कमी होते) साधारण अर्ध्यावर धरा. तेवढ्यात आरामात वेग येत असेल, एज टिकत असेल आणि बार आणखी ओढल्यावर स्पष्ट जास्त ओढ जाणवत असेल, तर काईट बरोबर. नुसतं चालायलाच बार पोटाशी लागत असेल तर काईट छोटा आहे, उडीसाठी शिल्लक काही उरत नाही. उलट बार पूर्ण बाहेर सोडूनही बोर्ड घसरतच असेल तर काईट मोठा आहे.

हा दुसरा प्रकार लोकांच्या पटकन ध्यानात येत नाही. 12 मीटरचा (म्हणजे 12 चौरस मीटरचा) काईट जास्त ओढतो, म्हणून जास्त उडवेल असं वाटतं. पण धरता न येणारी ओढ तुम्हाला वर नेत नाही, आडवं नेते. 75 किलोच्या माणसाला 12 मीटरचा काईट साधारण 15 ते 20 नॉटमध्ये चालतो. 22 च्या पुढे त्यानं 9 लावला की तोच माणूस बहुतेक वेळा जास्त उंच जातो, कारण एज धरता येते आणि छोटा काईट वळतोही चपळ.

3. हवेचा दाब

पंप मारताना दम लागला की थांबायचं, अशी पद्धत बऱ्याच जणांची असते. काईटच्या व्हॉल्व्हपाशी दाबाचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. बहुतेक काईटना 6 ते 8 पीएसआय लागतं, छोट्यांना थोडं जास्त. पंपावरचा काटा मिठानं आणि वाळूनं अडकतो, तेव्हा एकट्या काट्यावर विसंबू नका. काईटच्या पुढच्या कडेला असलेल्या, हवा भरलेल्या नळीवर टिचकी मारा, भरलेल्या ढोलकासारखा टणक आवाज यायला हवा.

दाब का महत्त्वाचा? काईट झटक्यात वर पाठवता तेव्हा त्याच्यावरचा भार एकदम वाढतो. नळी ढिली असेल तर नेमक्या त्याच क्षणी ती मधे वाकते आणि जी ओढ तुम्हाला उचलणार होती ती काईटचा आकार बिघडवण्यात जाते. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला काईटची टोकं फडफडताना दिसतात, तुम्हाला हवेत असताना काहीच कळत नाही. तापलेल्या वाळूवर भरून तासभर ठेवलेला काईट समुद्रावर गेला की आतली हवा थंड होते आणि दाब कळण्याइतका उतरतो. उतरायच्या आधी पुन्हा टिचकी मारा. दर तासाला हवा कमी होत असेल तर व्हॉल्व्हच्या कडेला आणि शिवणींना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात ते दिसेल. ब्लॅडरला (नळीतल्या हवेच्या पिशवीला) बारीक भोक असेल तर पॅच घरी लावता येतो. व्हॉल्व्हच बुडातून सुटला असेल तर त्याला हात लावू नका.

4. ट्रिम

ट्रिम म्हणजे काईटच्या पुढच्या आणि मागच्या लाईनच्या लांबीचा मेळ. ‘माथ्यावर पोचताच दगडासारखी खाली’ ही तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो. काईट 12 वर स्थिर ठेवा, बार पूर्ण पोटाशी ओढा आणि पाच सेकंद धरून ठेवा. काईट जागेवर राहिला तर ठीक. मागे मागे सरकत खाली बसायला लागला, तर मागच्या लाईन तुलनेनं आखूड झाल्या आहेत आणि काईट स्टॉल होतोय, म्हणजे त्याची उचल संपतेय. हवेत तुम्ही नेमकं हेच करत असता, बार पोटाशी आणि काईट डोक्यावर. तिथे काईट स्टॉल झाला की तुम्हाला धरून ठेवणारं काही राहत नाही.

तात्पुरता उपाय सोपा आहे. ट्रिमची पट्टी किंवा दोरी थोडी आत ओढा, स्टॉल थांबेपर्यंत. उलट, बार पूर्ण ओढूनही मागच्या लाईन ढिल्या लोंबत असतील तर ट्रिम थोडी सोडा. वारा बदलला की ही चाचणी पुन्हा करा.

5. हार्नेस आणि स्ट्रॅप

हार्नेसचा (काईटची ओढ घेणाऱ्या कमरेच्या पट्ट्याचा) हुक बेंबीच्या आसपास हवा. तो बरगड्यांपर्यंत सरकला की ओढ छातीवर येते, कंबर मागे टाकता येत नाही आणि कंबर मागे टाकल्याशिवाय एज धरली जात नाही. कोरड्यात घट्ट वाटलेला पट्टा ओला झाला की सैल होतो, म्हणून पाण्यात दहा मिनिटं झाल्यावर तो पुन्हा आवळा.

फूटस्ट्रॅपमध्ये टाच हलत असेल तर स्क्रू बघा, पॅड बघा. बोर्ड हवेत सुटेल या भीतीनं माणूस नकळत पायाची बोटं वाकवतो, गुडघे ताठ करतो, आणि त्याच ताठ गुडघ्यांनी खाली येतो. स्क्रू आवळायला पाच मिनिटं लागतात.

6. लाईनची लांबी

याला थोडा वेळ आणि एक मजबूत खांब किंवा माड लागतो. पुढच्या लाईनवर नेहमी जास्त भार असतो, म्हणून त्या जास्त ताणल्या जातात. एक-दोन हंगामांत मागच्यांपेक्षा त्या काही सेंटिमीटर लांब होतात आणि ट्रिमचा जो दोष वर सांगितला तो कायमचा होऊन बसतो. बार नवा असताना काईट छान उडायचा, आता जड वाटतो, असं कोणी म्हटलं की मी आधी लाईन मोजतो.

चारही लाईनची टोकं एकाच दोरीच्या फासात अडकवून माडाला बांधा. ट्रिम पूर्ण सोडा, बार चिकन लूपपर्यंत (हार्नेसच्या हुकात अडकवायच्या कड्यापर्यंत) ओढा आणि मागे चालत जाऊन चारही लाईनवर सारखा ताण द्या. बहुतेक बार अशा अवस्थेत चारही लाईन सारख्या भराव्यात असेच बनवलेले असतात. तुमच्या कंपनीचं काही वेगळं असेल तर ते मॅन्युअलमध्ये असतं, ते आधी बघा. पुढच्या दोन सैल आणि मागच्या दोन ताठ दिसल्या तर मागच्या लाईनच्या टोकाच्या पिगटेलवर (गाठी मारलेल्या छोट्या दोरीवर) पुढची गाठ वापरून त्या लांब करा. बार एका बाजूला कलला असेल तर डावी-उजवी लाईन सारखी नाही, आणि ‘एकाच बाजूला उडी बसते’ या तक्रारीचं कारण तुमच्या हातात आलं.

हे करताना प्रत्येक लाईन बोटांच्या चिमटीतून सरकवत न्या. वाळूच्या कणाएवढ्या गाठी डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. गाठ पडलेल्या जागी लाईनची ताकद जवळपास निम्मी होऊ शकते. गाठ सुटत नसेल किंवा धागे पिंजलेले दिसत असतील तर ती लाईन वापरू नका. एकच नवी लाईन जुन्या तिघींबरोबर लावली तर लांबी पुन्हा बिघडते, तेव्हा संच बदलणंच बरं.

7. आता व्हिडिओ

सामान इथपर्यंत चोख निघालं तर दोष तंत्रात आहे. त्यावर बोलण्याआधी मित्राला किनाऱ्यावर फोन घेऊन उभं करा. स्लो मोशन, आडवा फोन, आणि चौकटीत तुम्ही आणि काईट दोघंही दिसायला हवेत. नुसता माणूस दाखवणारा व्हिडिओ या कामाला निरुपयोगी आहे.

बघायच्या चौकटी दोनच. पहिली: बोर्ड पाण्यावरून सुटला त्या क्षणी काईट कुठे आहे? दुसरी, त्या आधीच्या एका सेकंदात बोर्डमागचं पाणी कसं उडतंय? एज पक्की असेल तर पाण्याचा पंखा उंच आणि धारदार उठतो आणि मागची रेघ अपविंडकडे वळत जाते. एज सुटलेली असेल तर तो पंखा एकदम विझतो, रेघ रुंद आणि फेसाळ होते आणि डाउनविंडकडे वळते. या दोन चौकटी बघितल्या की बहुतेक वेळा बाकी काही विचारावं लागत नाही.

8. एज लवकर सुटते

सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

काईट 12 कडे निघाला की तो तुम्हाला वर आणि डाउनविंड दोन्हीकडे ओढायला लागतो. शरीराची पहिली प्रतिक्रिया असते ती ओढ मान्य करायची, बोर्ड सपाट करायचा आणि काईटमागे जायचं. तसं केलं की लाईनमधला ताण तिथेच संपतो. बेचकीचं रबर ताणायच्या आधीच सोडलं तर दगड पायापाशी पडतो, तसं होतं. ताण तयार होतो तो तुम्ही एजनं पाण्याला धरून राहता म्हणून, आणि तो सोडायचा काईट जवळपास डोक्यावर आल्यावर. काईट अजून दीडवर असताना सोडलात तर तो ताण तुम्हाला पुढे ओढतो. 12 च्या जवळ सोडलात तर वर.

यावर माझा भरवशाचा सराव असा. मध्यम वेगानं जा. काईट अगदी सावकाश 12 कडे न्या, मुद्दाम सावकाश. बार ओढू नका, उडी मारू नका. फक्त एज वाढवत जा, कंबर मागे, पुढचा पाय जवळजवळ ताठ, मागच्या टाचेवर दाब, नजर अपविंडच्या खांद्यावरून. काईट वर येईल तसतसं बोर्डला पाणी धरणं अवघड होईल आणि एका क्षणी काईट तुम्हाला आपणहून अर्धा मीटर उचलेल. उंची कमी दिसेल, पण ती सरळ वर असेल, फरफट नसेल. हे दोन्ही बाजूंना भरवशानं जमायला लागलं की काईट पाठवण्याचा वेग थोडा थोडा वाढवा.

कल्पिटियाच्या खाडीत एका पुणेकर मित्राला मी शेजारून जाताना ओरडून सांगत होतो, “अरे, अजून नको सोडूस, धर, धर, धर... आता!” त्याच्या मते ‘आता’ फारच उशिरा यायचं. व्हिडिओ बघितला तेव्हा त्याला पटलं की आधी तो त्या क्षणापेक्षा जवळपास पूर्ण एक सेकंद लवकर सुटत होता. उडीच्या हिशोबात एक सेकंद म्हणजे खूपच झाला.

9. वेग

वेगाचं गणित सोपं आहे. सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर वेगातली सगळी ऊर्जा उंचीत बदलली तरी ती सुमारे 5 मीटर भरते. प्रत्यक्षात सगळी बदलत नाही. त्याहून वर नेतो तो काईट. म्हणून एज न धरता येईल इतक्या वेगानं येण्यात काही हशील नाही. आधी किंचित डाउनविंड वळून वेग घ्यायचा आणि मग सफाईनं अपविंड वळत एज बसवायची. वळण एकसंध हवं. कोनात झटका दिला की बोर्ड उसळतो आणि एज तिथेच जाते. लाटेची चढण मिळाली तर उत्तम, पण सातत्य बसेपर्यंत सपाट पाण्यावरच करा.

10. काईट कुठून आणि किती पाठवता?

उजवीकडे जाताना काईट दीडच्या आसपास ठेवून सुरुवात करा, डावीकडे जाताना साडेदहाच्या. दर वेळी तिथूनच. सातत्य नसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची सुरुवातीची जागाच दर उडीला वेगळी असते. एकदा 2 वरून, एकदा पाऊणवरून. मग एज सोडायचा क्षण दर वेळी हलतो आणि शरीराला तो कधी कळतच नाही.

पाठवायला मागचा हात ओढायचा, ठाम, पण एकाच मापानं. फार कमी ओढलं तर काईट रेंगाळतो. फार ओढलं तर काईट 12 ओलांडून तुमच्या मागे जातो, तुमचं शरीर मात्र पुढेच जात राहतं. मग तो झोका, मग पाय वर, मग पाठ. झोका बसणाऱ्यांनी पाठवणं अर्धं करून बघावं. लाईन सैल पडून काईट कोसळत असेल तर तो डोक्याच्याही पुढे, अपविंड निघून गेलेला असतो. तिथेही तेच: पाठवणं कमी, आणि हवेत बार सोडून द्यायचा नाही.

11. बार कधी ओढायचा?

पाणी सुटताना. आधी नाही. काईट पाठवतानाच बार पोटाशी घेतला तर ओढ वेळेआधी येते आणि ती तुमची एज उपटते. पाठवताना बार किंचित बाहेर, सुटताना एका लयीत आत. मनात ‘पाठव, धर, ओढ’ असं म्हणत केलं तर क्रम बसतो. मधला ‘धर’ सगळ्यात लांब असायला हवा.

12. हवेत आणि खाली येताना

नजर पायांकडे गेली की खांदे वळतात आणि सगळं शरीर फिरतं. क्षितिजाकडे बघा. गुडघे छातीकडे घ्या, त्यानं झोका कमी होतो. बार आतच ठेवा. माथ्यावर भीतीनं बार सोडणं हे ‘दगडासारखी खाली’ या तक्रारीचं दुसरं मोठं कारण आहे. काईटच्या आधाराशिवाय 5 मीटरवरून पडलं तर पाण्याला ताशी सुमारे 36 किलोमीटर वेगानं आपटतो. तो आकडा एकदा लक्षात राहिला की बार आपोआप आत राहतो.

खाली येताना पुढचा हात ओढून काईट जाण्याच्या दिशेला वळवा. छोट्या उडीत पाण्यापासून दोनेक मीटरवर, मोठ्या उडीत त्याआधी. त्यानं काईट पुन्हा ओढ धरतो आणि तुम्हाला पुढे नेत अलगद ठेवतो. बोर्डचं नाक डाउनविंड, गुडघे मऊ. आडव्या बोर्डनं, एज लावून उतरलात तर सगळा दणका गुडघ्यात जातो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पाठवणंही बदललं, वेगही बदलला आणि उडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हरवते. उंची मोजायला बोर्डवरचा सेन्सर किंवा घड्याळ असेल तर वापरा, कारण हवेत असताना आपला अंदाज नेहमी जास्तच असतो. पण सातत्य बघताना सगळ्यात मोठा आकडा सोडा आणि त्या दिवसाच्या मधल्या आकड्यांवर लक्ष ठेवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

*सामान:* क्विक रिलीज (धोक्याच्या वेळी काईटची ओढ तोडायची कळ) वाळूनं किंवा मिठानं जड चालत असेल तर गोड्या पाण्यानं धुवून किनाऱ्यावरच उघडून बघा. तरीही एका झटक्यात सुटत नसेल तर त्या बारवर एकही उडी नको, तो दुरुस्तीला द्या. पुढच्या नळीची उसवलेली शिवण, शिवणीलगतचा फाटका कापड, झिजलेला ब्रायडल (काईटला लाईन जोडणाऱ्या छोट्या दोऱ्या), बुडातून सुटलेला व्हॉल्व्ह ही कामं काईट दुरुस्त करणाऱ्याची. चिकटपट्टी मधल्या कापडाच्या छोट्या भोकाला चालते, शिवणीला नाही.

*तंत्र:* एज आणि पाठवणं यावर मन लावून काम करूनही सलग दोन-तीन सत्रं पाठीवरच पडत असाल तर आयकेओ (इंटरनॅशनल काईटबोर्डिंग ऑर्गनायझेशन) प्रमाणित प्रशिक्षकाबरोबर एक तास घ्या, शक्य असेल तर हेल्मेटमधल्या रेडिओसह. बाहेरून कोणी ‘आता’ म्हणणं याला पर्याय नाही. आणि काईट लूप (हवेत असताना काईट पूर्ण गोल फिरवणं) करायचा असेल तर तो स्वतःच्या अंदाजानं कधीच सुरू करू नका. तिथे काईट तुम्हाला वर न धरता थेट डाउनविंड खेचतो आणि चुकीला जागा फार थोडी असते.

*हवामान:* वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे असेल तर उतरू नका. एप्रिल-मे मध्ये दुपारी क्षितिजावर काळा ढग उभा राहताना दिसला की काईट लगेच खाली घ्या. त्या ढगाच्या पुढे धावणारा वारा काही मिनिटांत दुप्पट होऊ शकतो.

*शरीर:* गुडघ्यात ‘टक’ आवाज येऊन काही तासांत सूज आली, किंवा टाच टेकवता येत नसेल, तर अस्थिरोग तज्ज्ञाकडे जा. मालिश, शेक, पट्टी यावर दिवस काढू नका. डोकं आपटून मळमळ, गोंधळ किंवा झोप येत असेल तर त्या दिवशी पाणी बंद आणि दवाखाना. पाठीवर आपटल्यानंतर पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं, तर माणसाला उठवून चालवू नका. आहे तसं आडवं ठेवा आणि 108 ला फोन करा. कल्पिटियात असाल तर 1990 ला.